मदत हवी आहे: सासरे 'बिनविजेचा जनरेटर' घ्यायला निघालेत, कसं थांबवू?

पडलो_जावई:
नमस्कार मंडळी. जरा घाई आहे, शुक्रवारपर्यंतच वेळ आहे.

माझे सासरे (मी मामा म्हणतो) सांगलीकडे द्राक्षं करतात. तीन एकर बाग, विहिरीवर पाच एचपीची मोटर. शेतीच्या लाईटचं तुम्हाला माहीतच आहे, थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सत्तरीला टेकलेला माणूस रात्री दोनला हातात बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. गेल्या पावसाळ्यात पायाजवळून नाग गेला. हे आधीच सांगतोय, नाहीतर "हाव सुटलीय म्हाताऱ्याला" म्हणून मोकळे व्हाल. गरज खरी आहे.

तर तालुक्याच्या गावी एकाने शेडमध्ये 'फ्लायव्हील जनरेटर' मांडलाय. एक एचपीची मोटर, पट्ट्यावर शंभर किलोचं लोखंडी चाक, पुढे वीज तयार करणारा पाच केव्हीएचा अल्टरनेटर. मोटर आधी लाईटवर चालू करायची, चाकाने वेग धरला की चेंजओव्हर (लाईट तोडून अल्टरनेटरवर नेणारा खटका) खाली ओढायचा. मग म्हणे अल्टरनेटरच मोटरला वीज पुरवतो आणि वर चार एचपी उरतात! डिझेल नको, बिल नको. किंमत दोन लाख ऐंशी हजार. शुक्रवारच्या आत निम्मे भरले तर तीस हजार सूट.

मामांनी पंचवीस मिनिटं उभं राहून बघितलंय. दहा बल्ब, एक पंखा, अधूनमधून ड्रिल मशीन. मी म्हटलं, मामा, ऊर्जा अशी तयार होत नाही. तर म्हणाले, "पाहुणे, पुस्तकातलं राहू द्या. मी डोळ्यांनी बघितलंय." पुढे काय बोलणार? एक तर मी पडलो जावई, त्यात अकाउंट्समधला. सासूबाईंनी मध्येच चहा आणला म्हणून सुटलो.

विकणाऱ्याची आणखी दोन वाक्यं मामांच्या तोंडात बसलीत. "हे आपल्या भास्कराचार्यांनीच लिहून ठेवलंय" आणि "पेटंटला टाकलंय". गोम नेमकी कुठे आहे? आणि त्यांचा पाणउतारा न करता ती दाखवायची कशी?

खांबावरचा:
तीस वर्षं लाईनवर काढलीत, म्हणून बोलतो.

आधी चाकाचं बघू. चाक ही पाण्याची टाकी समजा. ओतलं तेवढंच निघणार, टाकीतून झरा फुटत नाही. शंभर किलोचं भरीव चाक, ८० सेंटिमीटर व्यासाचं, मिनिटाला ३०० फेरे धरले तर त्यात सुमारे ४००० ज्यूल साठतात. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तुमची पाच एचपीची मोटर सेकंदाला ३७०० ज्यूल खाते. म्हणजे ते अवजड चाक तुमचा पंप चालवणार साधारण एक सेकंद. दिसायला भारदस्त, पण साठा चिमूटभर.

आता मोटर ते अल्टरनेटर. लहान मोटर शंभरातले ऐंशी देते हे मी उदारपणे धरतोय. पट्टा पाच टक्के खातो, अल्टरनेटर वीस टक्के. शंभर घातले की साठ हातात. ते साठ परत मोटरला घातले की छत्तीस. असंच घटत जाऊन थोड्याच वेळात चाक थांबायला हवं. थांबत नसेल तर दुसरीकडून कुठून तरी येतंय.

त्या शेडमध्ये इन्व्हर्टर-बॅटरी होती का? "फक्त स्टार्टिंगला लागते" असं सांगतात. १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन बॅटऱ्या भरलेल्या असल्या तर साडेतीन युनिटं साठलेली असतात. मामांनी बघितलेल्या पंचवीस मिनिटांत पाव युनिटसुद्धा गेलं नसेल. जमिनीत जाणारी अर्थिंगची जाड वायरही बघा. कधीकधी तीच फेज, म्हणजे चोरून वीज आणणारी चालू वायर असते. हात लावू नका, टेस्टर लावा.

आणि बल्ब कसले होते?

पडलो_जावई:
एलईडी. दहाही. मामा मुद्दाम म्हणाले की ड्रिल लावलं तरी एक बल्बसुद्धा मंद झाला नाही.

खांबावरचा:
होणारच नाही. एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो, व्होल्टेज बरंच पडलं तरी तो उजेड धरून ठेवतो. वर नऊ वॅटचे दहा, म्हणजे सगळे मिळून नव्वद वॅट. दोनशे वॅटचा जुना पिवळा बल्ब घेऊन जा. तो खोटं बोलत नाही, व्होल्टेज पडलं की लगेच लालसर होतो.

क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवायचा मीटर) अँपिअर दाखवले तर मान डोलवू नका. अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत. अल्टरनेटर मोकळा असतानाचे व्होल्ट आणि तारा शॉर्ट केल्यावरचे अँपिअर यांचा गुणाकार करून "हे बघा पाच किलोवॅट" म्हणणारेही भेटलेत मला. ते दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

गिरणाकाठ:
भास्कराचार्यांचं नाव निघालं म्हणून लिहितो, आम्ही चाळीसगावचे. पाटणचा शिलालेख आमच्याकडचा, त्यांच्या नातवाने मठ काढला तो. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात पारा भरलेलं चाक आहे हे खरं. पोकळ आरे, त्यात अर्धा पारा, चाक आपोआप फिरत राहील असं लिहिलंय. पाच शतकं आधी ब्रह्मगुप्तानेही असंच चाक वर्णिलंय. पण चालत नाही ते. एका बाजूचा पारा आसापासून लांब जातो हे बरोबर, पण दुसऱ्या बाजूला कायम जास्त आऱ्यांत पारा असतो. हिशेब फिटतो आणि चाक डुलून थांबतं. माणूस ग्रहगणितात अफाट होता म्हणून त्याचं प्रत्येक चाक फिरलं पाहिजे असं थोडंच आहे? आणि शेडवाल्याच्या चाकात पारा कुठाय?

कुतूहल७१:
सगळ्यांचं एकच पालुपद. विमानालाही हसलेच होते लोक. प्रस्थापित विज्ञान नवीन काही येऊच देत नाही. आधी तपासा, मग बोला.

माळ्यावरचा_म्हातारा:
कुतूहलराव, तपासलंय हो. अडीचशे वर्षं तेच चाललंय. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्ये वैतागून ठरवलं की यापुढे असली यंत्रं तपासायचीच नाहीत.

माझ्या टोपणनावाची गोष्ट सांगतो, मामांनाही सांगा. १८१२ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स रेडहेफर नावाच्या गृहस्थाने आपोआप चालणारं यंत्र तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. तपासायला माणसं आली तेव्हा एकाच्या पोराच्या लक्षात आलं की दात्यांच्या चाकांची झीज उलट्या बाजूला आहे. म्हणजे जे चाक यंत्र फिरवतं असं सांगत होते, तेच कुणीतरी फिरवत होतं. गडी तिथून उठून न्यूयॉर्कला गेला. तिथे १८१३ मध्ये आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन बघायला आला. त्याने नुसता कान दिला. आवाज एकसारखा नव्हता, हाताने फिरवलेल्या हँडलसारखा कमीजास्त होत होता. बाजूच्या फळ्या उचकटल्या तर आतड्याची बारीक दोरी भिंतीतून वर गेलेली. वर माळ्यावर एक दाढीवाला म्हातारा, एका हाताने हँडल फिरवतोय आणि दुसऱ्या हाताने पाव खातोय.

राहिलं पेटंट. अर्ज कुणालाही करता येतो, त्याला नंबरही मिळतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) सांगतं की निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोध धरलाच जात नाही. "टाकलंय" आणि "मिळालंय" यात फरक आहे.

फोडणीवाली:
भांडू नका त्यांच्याशी, एवढंच सांगते. आमच्या भावजींनी वीजबिल कमी करणारा डबा आणला होता, प्लगमध्ये खोचायचा. मी महिनाभर "फसवणूक, फसवणूक" केलं, तर त्यांनी हट्टाने दुसरा आणला. शेवटी धाकट्याने डबा फोडला. आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. घरगुती मीटर युनिटं मोजतं, त्यावर त्या कपॅसिटरचा काय परिणाम होणार? भावजी काही बोलले नाहीत. पण दुसरा डबा कुठे गेला ते कुणीच विचारलं नाही, आणि तेच बरं झालं. माणसाला मागे फिरायला दार ठेवा.

खांबावरचा:
ताईंचं बरोबर आहे. खोटं आहे म्हणू नका. म्हणा, "मामा, घ्यायचंच आहे तर नीट बघून घेऊ." यंत्र शेडमधून काढून उघड्या मैदानात ठेवायचं, बॅटरी सोडवायची, आणि सहा तास पाच एचपीची मोटर पाण्यासकट चालवून दाखवायची. पैसे त्यानंतर. शेतकरी बैलसुद्धा नांगराला जुंपून बघितल्याशिवाय घेत नाही.

आणि खरा त्रास रात्री विहिरीवर जायचा आहे ना? मग मोबाईल स्टार्टर बसवा. घरी अंथरुणातून मोटर चालू-बंद करता येते, काही हजारांचं काम आहे. तुमचा फीडर (गावाला वीज आणणारी लाईन) सौर कृषी वाहिनीवर, म्हणजे शेतीला सौर वीज देणाऱ्या योजनेत, कधी येणार तेही सबस्टेशनला विचारून घ्या, मग दिवसाच लाईट मिळेल.

पडलो_जावई:
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो.

बैलाचं वाक्य मामांना फार आवडलं, स्वतःचं म्हणून शेडवाल्याला ऐकवलं त्यांनी. पिवळा बल्ब मी पिशवीतून नेला होता. तो लावायच्या आधीच शेडवाला म्हणाला की आज बेअरिंग गरम झालंय, चाचणी पुढच्या आठवड्यात. मैदानात नेण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "फाउंडेशन लागतं." मामा चाकाभोवती एक फेरी मारून आले आणि माझ्या कानात म्हणाले, "पाहुणे, बेअरिंग गार आहे. हात लावून बघितलाय मी."

येताना गाडीत मोबाईल स्टार्टरची किंमत दोनदा विचारली.

आता दुसरं. मामांनी मला न सांगता आधीच दहा हजार बुकिंगचे दिलेत, रोख. पावती आहे, पण साध्या वहीच्या कागदावर. सही आहे, शिक्का नाही. परत मिळतील का?

माळ्यावरचा_म्हातारा:
पावतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. व्हिडिओ आणि मेसेज पुसू नका. आधी लेखी पत्र देऊन पैसे परत मागा, स्पीड पोस्टाने, पोच ठेवा. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, एवढ्या रकमेला तक्रारीची फी लागत नाही. पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.