दादरला मुक्काम, तीन दिवस मुंबई फिरायची, तिकिटांचं गणित कसं असतं?

उदगीरकर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईबाबा, बायको आणि मी मुंबईला येतोय, मुक्काम मेव्हण्याकडं दादरला. सिद्धिविनायक, गेटवे आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क एवढं ठरलंय. आमच्याकडं कसं, एसटीत बसलं की कंडक्टर तिकीट फाडतो, विषय संपला. इथं लोकल वेगळी, बेस्टची बस वेगळी, मेट्रोच्या पण लाईनी तीन-चार, व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. एकच पास काढला की सगळीकडं चालतो का? आणि आईला एसटीत अर्धं तिकीट लागतं तसं लोकलला असतं का?

गिरगावकर
सगळीकडे चालणारा पास नाही. लोकलचं तिकीट लोकललाच, बेस्टचं बेस्टलाच. 'मुंबई वन' ॲपवर सगळ्यांची तिकिटं एका ठिकाणी निघतात पण भाडं ज्याचं त्याचं वेगळंच लागतं. आणि एसटीतली महिलांची अर्धी सवलत राज्य सरकारची आहे, लोकलला महिलांना किंवा ज्येष्ठांना वेगळा दर नाही. पण दर ऐकलात तर अर्ध्याची आठवणही येणार नाही 😄 सेकंड क्लास, दादर ते सीएसएमटी ५ रुपये. दादर ते बोरिवली १०. झालं.
दादरला सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्ही लाईनी आहेत. गेटवेला जाताना सीएसएमटीची धरा नाहीतर चर्चगेटची, दोन्ही चालतात. बोरिवली मात्र वेस्टर्नच.

पर्यटक_मित्र
लोकलचं टुरिस्ट तिकीट काढा ना, १, ३ आणि ५ दिवसांचं मिळतं, कितीही फिरा, रांगेची कटकट नाही.

गिरगावकर
@पर्यटक_मित्र अहो कशाला. गेटवेला जाऊन-येऊन १०, बोरिवलीला जाऊन-येऊन २०, माणशी ३० रुपयांत यांचा लोकलचा सगळा खर्च भागतोय. एवढ्यात टुरिस्ट तिकीट कुठून वसूल होणार? दिवसभर फर्स्ट क्लासने उंडारायचं असेल तर गोष्ट वेगळी. बेस्टच्या दिवसाच्या पासचं पण तेच, ७५ रुपये आहे, आणि एसी बसचं कमीत कमी तिकीट १२ (साधी १०), म्हणजे ५ किमीच्या आतल्या सहा फेऱ्या केल्या तरी ७२च होतात. आईवडिलांना घेऊन दिवसात सहा बस कोण बदलणारे.

कल्याण_स्लो
एक गोष्ट नीट लक्षात ठेवा दादा, सेकंड, फर्स्ट आणि एसी ही तीन वेगळी तिकिटं आहेत. पाच-दहा रुपयांचं तिकीट काढून समोर आलेल्या गारेगार एसी गाडीत चढलात आणि टीसी भेटला तर कमीत कमी २५० दंड अधिक भाडं, आणि ते माणशी बरं का, चौघांचे हजाराच्या वर गेले. एसीचं तिकीटच ३५ पासून सुरू होतं. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून तिरक्या पट्ट्यांनी ओळखू येतो, आत बाकी काही सोनं लावलेलं नाही, चर्चगेट-बोरिवली सेकंडला १५ आणि फर्स्टला ८५, फरक फक्त गर्दीचा आणि तो पण सकाळी ९ वाजता फारसा नाही. तुम्ही ११ नंतर निघा, सेकंडमध्ये पण आईबाबांना बसायला मिळेल. खिडकीला रांग असली तर एटीव्हीएम मशीनपाशी जा, बऱ्याचदा तिथे तिकीट काढून देणारा माणूस बसलेला असतो.

प्रभादेवीची_सून
सिद्धिविनायकाला आता अ‍ॅक्वा मेट्रो जाते, दादरच्या पुढचंच स्टेशन, १० रुपये (त्या लाईनचं कमीत कमी १०, जास्तीत जास्त ७०). पण मेट्रोचं दादर स्टेशन लोकलच्या दादरला लागून नाही, सेनाभवनाच्या बाजूला चालत जावं लागतं, मग खाली उतरा, परत वर चढा. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही सरळ टॅक्सी करतो. मंगळवार टाळा मात्र!

उदगीरकर
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. बाबांना पण गुडघ्याचा त्रास आहेच. मग सीएसएमटीवरून गेटवेला बस का रिक्षा?

गिरगावकर
रिक्षा विसरा, सायन-वांद्र्याच्या अलीकडे शहरात रिक्षाच नाही. बोरिवलीला मिळेल, मीटर २६ पासून. गेटवेला काळीपिवळी टॅक्सी करा. पहिल्या दीड किमीला ३१, पुढे किमीला साधारण २१, अंतर अडीच किमीच्या आसपास, म्हणजे पन्नास-पंचावन्न. चौघांना एसी बसला ४८ लागणारच आहेत. मीटर पाडायला सांगा, "दोनशे द्या" म्हणाला तर पुढची टॅक्सी बघा. रात्री १२ ते ५ मध्ये मीटरवर २५ टक्के जास्त, तेव्हा तुम्ही झोपलेले असाल.

कल्याण_स्लो
आणि बेस्टने गेलातच तर सुट्टे पैसे ठेवा. काही बसमध्ये कंडक्टर नसतो, खाली स्टॉपवर उभा असतो, चढायच्या आधीच त्याच्याकडून तिकीट घ्यायचं.