गुरूचं घर चेलीच्या नावावर करायचं आहे, ग्रामपंचायत हद्द, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी तृतीयपंथी आहे, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका गावात माह्या गुरूसोबत राहते. तिले अर्धांगवायू झाला, उजवा हात चालत नाही, पण डोकं एकदम शाबूत, सगळं समजते तिले. बधाईच्या (लग्नात, बाळ झाल्यावर आशीर्वाद द्याले जातो त्या) पैशातून तिनं दोन खोल्या बांधल्या, टिनाच्या, अन त्या तिले माह्या नावावर करायच्या आहेत. अडचण अशी की नमुना 8 वर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) तिचं जुनं, घरचं, पुरुषाचं नाव आहे अन आधारवर आताचं. त्यात जन्माच्या घरचा एक पुतण्या, कधी ढुंकून पाहायले आला नाही, तो आता येऊन गावात विचारून रायला की काकाच्या मागं घर कोणाचं.

लोकायले वाटते चेली म्हणजे घरकामाले ठेवलेली पोरगी. तसं नाही हो, चेली म्हणजे गुरूची लेकच. आमच्या तृतीयपंथी जमातीसमोर तिनं माह्या डोक्यावर पदर टाकला तवापासून तिची गुरू ते माही नानी, तिचे गुरुभाई ते माह्या मावश्या, अन माह्या चेल्या तिच्या नातीचेल्या. ती पडली तवा वणी, उमरखेड, चंद्रपूरवरून सगळ्या रातोरात आल्या, पाळी लावून दवाखान्यात बसल्या, आजबी एक नातीचेली रोज मालिश करते अन मी भाकर चुरून भरवते. रक्ताचं कोणी आलं नाही, अन कायद्यानं मृत्युपत्र नसलं तर घर जाईल त्यायलेच.

दस्तलेखक म्हणे बक्षीसपत्र करा. पण पोटच्या पोराले नाहीतर नातवाले राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, चेलीले दिलं तर खरेदीखतासारखं पूर्ण! 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या नालसा निकालानं आमाले ओळख दिली, पण 2019 च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यात कुटुंब म्हणजे रक्त, लग्न नाहीतर दत्तक, बस. गुरू-चेला त्यात कुठंच नाही, याचं मले लय वाईट वाटते.

म्हणून मृत्युपत्र करायचं ठरवलं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, सही जमत नसेल तर अंगठा चालते, एवढं समजलं. पण पुतण्या भांडखोर आहे म्हणून नोंदणी करायचीच आहे. आता विचारायचं हे की दोन्ही नावं "उर्फ" लावून लिहिली तर पुरते का, की आधी राजपत्रात नाव बदलून नमुना 8 दुरुस्त करायचा? डॉक्टरचं मानसिक स्थितीचं सर्टिफिकेट कोणत्या तारखेचं पाहिजे, त्याच दिवशीचं का? दुय्यम निबंधक आजारी माणसाच्या घरी येऊन नोंदणी करू शकतात म्हणतात, त्याचा अर्ज कसा लिहायचा, कोणी केला असेल तर नमुना टाका. अन हिमाचल हायकोर्टानं 2016 मध्ये गुरू-चेल्याच्या रिवाजानं वारसा मानला होता, तो निकाल आपल्याकडच्या कोर्टात दाखवता येते का?

भर घालते: खाली एका ताईनं विचारलं की सरळ दत्तक काऊन नाही घेत. हिंदू दत्तक कायद्यात 15 वर्षं पूर्ण झालेल्याले दत्तक घेता येत नाही, रिवाज असला तरच, अन मी चाळिशीत आहे. आमचा रिवाज कोर्टात सिद्ध कराले जो वेळ लागन तेवढा वेळ गुरूकडं नाही. यवतमाळ, वणी भागातले वकील कोणाच्या ओळखीचे असतील, आमच्या लोकायशी नीट बोलणारे, तर मेसेज करा. फी देऊ, फुकट नको.