विमानात किंवा जहाजात लपून गेलेल्यांचे पुढे काय होते?

प्रश्न (शिक्षक, सांगली): सप्टेंबर २०२५ मध्ये १३ वर्षांचा एक अफगाण मुलगा विमानाच्या चाकांच्या कप्प्यात लपून काबूलहून दिल्लीला जिवंत पोहोचला. ही बातमी वर्गात वाचल्यापासून मुले विचारत आहेत, की माणूस यातून वाचतो कसा, आणि जहाजांवर पूर्वी अशांचे काय होत असे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (डॉक्टर, मिरज): सर, वाचणे हा अपवाद आहे, हे मुलांना आधी सांगा. ३५,००० फुटांवर तापमान उणे ५० अंशांच्या खाली जाते आणि हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम चतुर्थांश उरतो, त्यामुळे शुद्ध हरपते. सुरुवातीला तापलेली चाके थोडी ऊब देतात; पुढे शरीर गार पडल्याने मेंदूची प्राणवायूची गरज घटते, आणि म्हणून क्वचित कोणी तगतो, असे मानले जाते. १९९६ मध्ये दिल्लीहून लंडनला असेच गेलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकच वाचला. १९९९ मध्ये ब्रसेल्सला विमानात मृत सापडलेल्या गिनीच्या दोन मुलांजवळ युरोपच्या नेत्यांना लिहिलेले पत्र होते. आफ्रिकेतल्या मुलांना शिकता यावे म्हणून मदत करा, अशी विनवणी त्यात होती. ती मुले आपल्या नववी-दहावीतल्या मुलांच्याच वयाची होती. वर्गात हे जरूर सांगावे.

उत्तर (निवृत्त जहाज अभियंता, सातारा): जहाजांचा इतिहास दोन्ही टोकांचा आहे. १९१४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकलटनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावर नोकरी नाकारली गेलेला पर्स ब्लॅकबोरो ब्यूनस आयर्सला लपून चढला, तो सापडल्यावर त्याला कामावर घेतले गेले, आणि हिमदंशाने डाव्या पायाची बोटे गमावूनही तो परतला. उलट १९९२ मध्ये ‘एमसी रूबी’ या मालवाहू जहाजावरील खलाशांनी लपून आलेल्या आफ्रिकी तरुणांना ठार मारून समुद्रात फेकले. असे प्रवासी घेऊन बंदरात गेल्यास दंड होतो, ही भीती त्यामागे होती. एक जण लपून बचावला, म्हणूनच फ्रान्समध्ये खटला उभा राहिला.

प्रश्नकर्ते: मग आज नियम काय आहे?

उत्तर (सातारा): जहाजात लपून आलेल्यांविषयीचा १९५७ चा ब्रसेल्स करार कधी अमलातच आला नाही. सागरी वाहतूक सुलभीकरणाच्या १९६५ च्या करारात नंतर भर घालण्यात आली. तीनुसार अशा माणसाला अन्न, निवारा व औषधोपचार देणे आणि माणुसकीने वागवणे अपेक्षित आहे. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी जहाजाची कसून झडती घेतात. तरीही २०२२ मध्ये तिघे जण लागोसहून लास पाल्मासपर्यंत ११ दिवस जहाजाच्या मागे बाहेरच्या बाजूला, पाण्यालगत असलेल्या सुकाणूच्या पात्यावर बसून गेले. अडचण उतरवण्याची आहे: पुढचे बंदर नकार देते, आणि कप्तानाला त्या माणसाला घेऊन बंदरामागून बंदरे फिरावे लागते.