वितळणे, विरघळणे, थिजणे : औषधाच्या मेदकणांसाठी नेमकं काय लिहावं? (शिरपूर, जळगाव आणि धुळे इथल्या तिघांचा संवाद)

शिरपूर : पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या औषधांसाठी घन मेदकण (औषध पोटात घेणारे मेदाचे अतिसूक्ष्म घन कण) करायची कृती मराठीत लिहायची आहे. सगळे सर्रास 'औषध मेदात वितळवा' म्हणतात. चालेल का?

जळगाव : नको, घोळ तिथेच होतो. वितळतो तो मेद, उष्णतेनं. औषध त्यात विरघळायला हवं. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट हा मेद साधारण 60 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून तापमान 70 ठेवा. औषध घालून ढवळल्यावर रस नितळ दिसला पाहिजे. बुडाशी कण दिसले तर ते औषध या मेदात मावत नाही. मात्रा कमी करा किंवा मेद बदला.

100 मिलीसाठी मेद 5 ग्रॅम, औषध पाव ग्रॅम, पोलॉक्सामर 188 (मेदाचे थेंब पाण्यात वेगवेगळे ठेवणारा पदार्थ) दोन ग्रॅम, बाकी पाणी. पोलॉक्सामरचं पाणीही 70 वरच हवं, गार ओतलंत की गुठळ्या झाल्याच. आधी जलद ढवळणी 5 मिनिटं, मग होमोजिनायझरमधून (दाबाखाली थेंब बारीक करणारं यंत्र) 500 बार दाबावर 3 फेऱ्या. यंत्रातून आधी गरम पाणी फिरवून घ्या, नाहीतर मेद व्हॉल्व्हमध्येच थिजतो. फेऱ्या वाढवल्या म्हणजे कण बारीकच होतील असं नाही. थेंब एकमेकांवर आदळून पुन्हा जुळतात आणि आकार उलट वाढतो.

धुळे : गरम असेपर्यंत ते 'पायस', द्रवात द्रव. गार झालं की 'निलंबन', द्रवात घन. दोन्ही टप्प्यांना इमल्शन म्हणू नका. आणि मेदाला 'थिजणे'च लिहा, 'गोठणे' पाण्यासाठी राहू द्या. थिजल्यावरही मेद स्वस्थ बसत नाही. तूप हळूहळू रवाळ होतं तसे साठवणीत मेदाचे रेणू सैल अल्फा रचनेतून घट्ट बीटा रचनेत जातात, औषधाला जागा उरत नाही आणि ते बाहेर ढकललं जातं. सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक दिसतात ते हेच.

शिरपूर : याला 'गळती' म्हणावं?

धुळे : लिपोसोमला (मेदाच्या पडद्याची सूक्ष्म पोकळ पिशवी) म्हणा, त्याच्या पोकळीतलं पाण्यात विरघळलेलं औषध पडद्यातून झिरपतं. इथे सरळ 'औषध बाहेर फेकलं जाणे' लिहा.

जळगाव : उपाय म्हणून एकूण मेदाच्या 20 ते 30 टक्के द्रव तेल मिसळतात, म्हणजे रचना विस्कळीत राहते आणि औषध आत टिकतं. पण तेलामुळे वितळणबिंदू खाली येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर असतो, बंद मालगाडीत त्याहून जास्त. तेव्हा साठवणीची चाचणी 25 अंशांवर उरकू नका, 40 अंशांवरही नमुने ठेवा आणि दर वेळी कणांचा आकार मोजा.