उट्रेख्तमध्ये आठ दिवस: आम्हा दोघांसाठी काय पाहण्यासारखं?

संत्रावाला_वरुड

रामराम मंडळी. मले लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची पोरगी अन् जवाई नेदरलँडमध्ये उट्रेख्त गावाले नोकरीवर आहेत. तीन वर्षं झाले, "बाबा या, बाबा या" चालू आहे. दरवेळी माझं एकच, बगिचा कोणाच्या भरवशावर सोडू? औंदा मृगाचा माल मार्चातच तुटते अन् एप्रिलच्या शेवटी झाडं ताणावर राहतात. पाणीच द्यायचं नाही म्हटल्यावर मालकाले काय काम? म्हणून २२ ते २९ एप्रिल ठरलं. व्हिसा-तिकिटाचं जवाई पाहून राह्यला, थे विचारत नाही.

विचारायचं वेगळंच आहे. थे दोघंही दिवसभर ऑफिसात. पोरीनं यादी पाठवली, सोळा ठिकाणं, त्यातले नऊ म्युझियम. आमच्या मंडळीचा उजवा गुडघा दुखते. तिले फक्त थे रंगीत फुलं पाहायची आहेत, बाकी कुठं बसवून ठेवलं तरी चालते म्हणते.

मले काय पाहायचं आहे थे सांगतो, हासू नका. मले थे पाणी पाहायचं आहे. आमच्याकडं बोअर हजार फूट नेला तरी धूळ निघते. मागच्या सालात दोन मारले, दोन्ही कोरडे. अन् तिकडं म्हणे समुद्र वर अन् माणसं खाली, पाणी उपसून उपसून शेती करतात. मोटर कोठी बसवली, पाणी कुठं नेऊन टाकतात, बिल कोण भरते, हे मले डोळ्यानं पाहायचं आहे. पोरगी म्हणते, "बाबा, असं पाहायले कोणी जाते काय?" आता तुम्हीच सांगा.

आम्ही दोघंही शाकाहारी. इंग्रजी येत नाही, हिंदी चालते. दोघंच रेल्वेनं हिंडू शकू काय?

डेल्फ्टची_परतवाडेकर

काका नमस्कार. मी परतवाड्याची, सहा वर्षं झाली डेल्फ्टमध्ये. तुमच्या पोरीला सांगा, जातात लोक पाहायला. आणि तुम्ही तर उतरतानाच तळ्याच्या तळाशी उतरणार आहात! स्किपोल विमानतळ आहे तिथं पूर्वी हार्लेमरमेअर नावाचं तळं होतं, साधारण १८,००० हेक्टरचं. वादळ आलं की ते काठ खात सुटायचं. १८३६ मध्ये एकदा पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत गेलं, पुढच्या वादळात लायडनपर्यंत, तेव्हा ठरलं की आता हे उपसायचंच. वाफेवर चालणारी तीन पंपघरं बांधली. १८४९ ते १८५२ उपसा चालला आणि तळं कोरडं पडलं. आज तिथं शेती आहे, गावं आहेत आणि समुद्रापेक्षा तीनेक मीटर खाली असलेल्या धावपट्ट्या आहेत.

त्या तिघांपैकी क्रुकियुस नावाचं पंपघर हार्लेमजवळ अजून उभं आहे. १९३३ पर्यंत चालू होतं, आता म्युझियम. पण तुमच्या यादीतल्या नऊसारखं नाही हो, आत एकच इंजीन. त्याच्या सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर, म्हणजे आत बैलजोडी सहज उभी राहील. गोल इमारतीतून आठ अजस्र दांडे बाहेर आलेत, ते वर-खाली होतात आणि प्रत्येकाखाली एकेक पंप. वाफ आता नाही, पण दांडे हलवून दाखवतात. हार्लेम स्टेशनवरून बस मिळते.

वाफेच्या आधी काय होतं ते पाहायला किंडरडाइकला जा. पवनचक्की म्हटलं की आपल्याला पीठ आठवतं, पण तिथल्या १९ चक्क्या पाणी उपसायच्या. १७४० च्या आसपासच्या आहेत. रॉटरडॅमपर्यंत रेल्वे आणि पुढं वॉटरबस म्हणजे बोट, काकूंचा गुडघाही वाचेल. काही चक्क्यांत अजून कुटुंबं राहतात, अंगणात कपडे वाळत असतात. आतले जिने मात्र शिडीसारखे उभे आहेत, काकूंना खालीच बसवा.

आणि बिल कोण भरतं? सगळे भरतात. पाण्यासाठी वेगळी मंडळं आहेत, २१. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते, तरी दरवर्षी भरते. ही पद्धत मध्ययुगापासूनची आहे, म्हणजे आजच्या सरकारपेक्षा जुनी. बांध फुटला तर पाटील आणि सालदार दोघंही बुडणार, मग पैसे दोघांनीही द्यायचे, असा सरळ हिशेब.

आता काकूंची फुलं. लिसे गावातली क्योकेनहोफ बाग मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होते, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. तिकीट ऑनलाइन, तारीख-वेळ ठरवून. उट्रेख्तहून लायडन रेल्वेनं आणि तिथून बस. पण हे पहिल्या एक-दोन दिवसांतच उरका. बागेबाहेरच्या शेतांतली फुलं शेतकरी मशीननं छाटून टाकतात. त्याला फूल विकायचंच नसतं, कंद विकायचा असतो. फूल झाडावर ठेवलं तर कंद पोसत नाही. हे काकूंना आधीच सांगून ठेवा. माझी आई रस्त्याकडेला तो लाल-पिवळा ढीग पाहून "अरे देवा, पाप लागंल यांना" म्हणत अर्धा तास हळहळत होती.

दर्यापूरचे_गुरुजी

भाऊ, मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो. मी ६८, सौ. ६४. हिंडता येतं. पण आमच्याकडून झालेल्या चुका तुम्ही करू नका.

तिथं रेल्वेचं तिकीट काढावं लागत नाही. बँकेचं कार्ड फाटकाला टेकवायचं की आत, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं की बाहेर. मात्र एका कार्डावर एकच माणूस. मी आमच्या दोघांसाठी एकच कार्ड दोनदा टेकवलं, मी आत गेलो, सौ. बाहेरच! दहा मिनिटं आम्ही काचेच्या फाटकाच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे पाहत उभे. शेवटी एका पोरसवदा कर्मचाऱ्यानं आत सोडलं. जावयाकडून दोन वेगळी कार्डं घ्या, आणि उतरताना टेकवायला विसरू नका, जास्तीचे पैसे कटतात. नोटा खिशात ठेवा, पण पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत.

रस्त्यावर लाल पट्टा दिसला की तो सायकलींचा. त्यावर उभं राहून फोटो काढणं म्हणजे आपल्याकडं हायवेवर बाज टाकून झोपणं. उट्रेख्तच्या स्टेशनाखाली सायकलतळ आहे, १२,५०० सायकलींचा. फुकट पाहायला मिळतो, जरूर पाहा. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडमध्ये साठ असायच्या तरी रोज एकीची हवा गेलेली.

उट्रेख्तचा डोम मनोरा ४६५ पायऱ्यांचा. वहिनींना नको, तुम्हीही हट्ट धरू नका. खालीच मजा आहे. मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे, मध्ये मोकळं मैदान! १६७४ च्या वादळात मधला भाग कोसळला तो परत बांधलाच नाही. मागे एक छोटी बाग आहे, वहिनींना तिथं बसवा. जवळच जुना कालवा. रस्ता वर, पाण्याचा काठ एक मजला खाली, आणि त्या काठाला जुनी तळघरं. पूर्वी बोटीतला माल सरळ तळघरात जायचा, आता तिथं हॉटेलं आहेत. बोटीची फेरी तासाभराची असते.

जेवणाचं सांगतो. एक दिवस हेगला जा. तिथं सुरिनामहून आलेले हिंदुस्थानी लोक फार. त्यांचे पूर्वज १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून सुरिनामला गेले, आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास पुष्कळ लोक हॉलंडला आले. त्यांच्या दुकानात रोटी मिळते, सोबत बटाटा आणि बरबटीसारख्या लांब शेंगांची भाजी. कोंबडी आणि अंडं नको हे आधी सांगा, नाहीतर ताटात येतंच. आणि 'बारा' मागा. तो आपला उडदाचा वडाच. गल्ल्यावरच्या आजीबाई आमच्याशी त्यांच्या जुन्या वळणाच्या हिंदीत बोलल्या. सौ. त्यांना म्हणाली, "तुम्ही कुठल्या?" त्या म्हणाल्या, "हम तो यहीं के हैं." मग दोघी कितीतरी वेळ आंब्याच्या लोणच्यावर बोलत बसल्या.

नागपुरी_तडका

एवढे पैसे घालून पंप पाहायचा? दोन दिवसांत ॲमस्टरडॅम आटपा आणि पॅरिस करून या राव. रेल्वेनं साडेतीन तासांत होतं.

संत्रावाला_वरुड

तडका भाऊ, पॅरिसले बोअर लागते काय? नाही ना. मग राहू द्या.

परतवाड्याच्या बाई, तुम्ही सांगितलेलं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. कराचं ऐकून भाऊबंद गप्प झाले. आमच्या नाल्याच्या खोलीकरणाले वर्गणी मागितली होती, तर ज्याचं शेत चढावर त्यानं "माह्या वावरात कुठं पाणी येते" म्हणून दिली नाही. थो तुमचा तिसऱ्या मजल्याचा कर त्याले सांगणार आहे.

फुलं छाटतात हेही मंडळीले सांगितलं. ती म्हणे, त्यात काय, आपण नाही का पहिल्या सालचा बहार झाडून टाकत?

अजून एक विचारायचं होतं. तिकडं हर्रास पाहायले मिळते काय? आमचा माल उक्ता जाते, व्यापारी बगिच्यात येते अन् डोळ्यानं मोजून आकडा सांगते.

डेल्फ्टची_परतवाडेकर

काका, हे मीच कसं विसरले! शुक्रवारी आल्कमारला जा. सकाळी तिथं चीजचा बाजार भरतो, पांढऱ्या कपड्यांतले हमाल लाकडी झोळीतून चीजचे पिवळे गोळे पळत पळत नेतात. आता तो दाखवण्यापुरताच उरलाय, पण काकूंना आवडेल. खरं तुमच्यासाठी आहे ते जवळच्या ब्रुक ऑप लांगेडाइकला. १८८७ पासून तिथं भाजीपाल्याचा लिलाव व्हायचा, आणि शेतकरी कोबीनं भरलेली बोट थेट लिलावाच्या दालनातून हाकत न्यायचे. आता म्युझियम आहे, पण लिलाव खेळता येतो.

आपल्या हर्राशीत भाव चढतो, तिथं उतरतो. भिंतीवर मोठं घड्याळ, काटा जास्त भावावरून खाली येत राहतो. ज्यानं पहिलं बटन दाबलं त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, पण दुसऱ्यानं दाबलं तर गेलं. ओरडणं नाही, रुमालाखाली बोटं नाहीत. फुलांचे मोठे सौदेही इथं याच पद्धतीनं होतात.

आणि २७ तारखेला कुठं लांब जाऊ नका, राजाचा वाढदिवस. गाड्या खच्चून भरतात. उट्रेख्तमध्येच थांबा, २६ च्या संध्याकाळपासून रस्त्यावर बाजार भरतो, कोणीही चादर टाकून घरातलं जुनं सामान विकतं. सगळे नारिंगी कपड्यांत. संत्र्यावरून नाही बरं का, राजघराण्याचं नाव ऑरेंज, ते फ्रान्समधल्या एका गावावरून. पण वरुडच्या माणसानं ते मनावर घेऊ नये.

दर्यापूरचे_गुरुजी

थंडीचं राहिलं. एप्रिलात दुपारी १२-१४ अंश आणि वारा असा की छत्री उलटी होते. रेनकोट घ्या. वहिनींना साडीखाली गरम पायजमा आणि पायात बूट. चपलेचा नाद नको.

संत्रावाला_वरुड

पक्कं झालं. एका दिवसाले एकच गाव. फुलं, मग आल्कमार, क्रुकियुस, एक दिवस हेग, एक दिवस बोटीनं चक्क्या, राजाच्या दिवशी घरीच. नऊपैकी एकच म्युझियम ठेवलं, ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉगवालं, कारण पोरगी म्हणते तिथं १८८५ चं एक चित्र आहे, शेतकरी कुटुंब दिव्याखाली बटाटे खाऊन राह्यलं. तेवढं पाहतो.

बूट अमरावतीहून आणले. आयुष्यात पहिल्यांदा घातले तिनं. पाय सोलू नये म्हणून रोज संध्याकाळी धुऱ्यावरून विहिरीपर्यंत जाऊन येते. काल शेजारीण विचारे, "काऊन वं, पोलिसात भरती व्हते काय?"