अडचण पाण्याची नव्हे, विजेची

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असताना इंधन म्हणून पाण्यापासून हायड्रोजन बनवायचा तर त्यासाठी पाणी कोठून आणणार, ही शंका रास्त आहे. परंतु १ किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने सुमारे ९ लिटरच पाणी लागते, विद्युत अपघटनात, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन वेगळा करण्यात, वीज मात्र ५० युनिटांच्या आसपास खर्ची पडते. ऐरोलीतील आमच्या गच्चीवरच्या ३ किलोवॅटच्या सौरपॅनेलांना, दिवसाला साधारण १२ युनिट धरल्यास, एवढ्या विजेसाठी चार दिवस लागतील. ही वीज टाळून थेट प्रकाशानेच पाणी फोडण्याचा मार्गही आहे: जपानी संशोधक फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखवले, पण हा पदार्थ केवळ अतिनील किरणे शोषतो आणि ती सूर्यप्रकाशात जेमतेम ५ टक्के असतात. दृश्य प्रकाश शोषणारे, तरीही पाण्यात न झिजणारे द्रव्य शोधण्यावरच संशोधनाचा पैसा लागावा, असे मला मनापासून वाटते.