'ॲनिमिया'मधला 'ॲन' म्हणजे आपलाच 'अन्' का?

प्रश्न:
ॲनिमिया, ॲनार्की, ॲनॉनिमस यांतला 'ॲन' नकारार्थी, हे कळतं. मग ॲनालिसिसमध्ये कसला नकार? आणि 'एटिपिकल'ला नुसता 'ए' का? नर्सिंगच्या मुलांना घोकंपट्टीऐवजी नियम सांगायचा आहे.

प्रतिसाद १:
नियम घरचाच आहे. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्: अयोग्य, पण अनुचित; अज्ञान, पण अनादि. ग्रीकमध्येही तसंच. ॲटम (न कापता येणारा), ॲपथी, पण ॲनार्की. ही उसनवारी नाही, दोन्ही भाषांचं मूळच एक. लॅटिनचा 'इन' आणि इंग्रजीचा 'अन' हीसुद्धा त्याचीच भावंडं.

मेख आहे ती 'ह'ची. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा ह अक्षराने नाही, स्वरावरच्या खुणेने दाखवतात, म्हणून त्याच्यापुढेही 'ॲन'च येतो. पाण्यावरून ॲनहायड्रस. रक्त म्हणजे 'हाइमा', त्यावरून ॲनिमिया. इथे ह गळाला.

प्रतिसाद २:
ॲनालिसिस, ॲनाटमी, ॲनोड यांत 'ॲना' आहे: वर, मागे, पुन्हा. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट. हा शब्द शास्त्रज्ञ फॅरडेने १८३४ मध्ये वापरात आणला. ओळखायचं कसं? उरलेला तुकडा दुसरीकडे शोधा. 'लिसिस' डायलिसिसमध्ये सापडतो, म्हणून तिथे ॲना. ॲनाल्जेसिक मात्र फसवतो: न्यूरॅल्जियातलं 'अल्ज' म्हणजे वेदना, म्हणून तिथे ॲन.

प्रतिसाद ३:
स्पेलिंगचंही सांगा. र ने सुरू होणाऱ्या ग्रीक शब्दाआधी 'अ' आला की र दुप्पट होतो. ऱ्हिदममध्ये एक आर, अऱ्हिद्मियात दोन. पेपरात मुलं हमखास एकच लिहितात.

अर्थ शब्दशः घेऊ नका. ॲनिमिया म्हणजे 'रक्त नाही' असं नव्हे; हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. आपल्या वैयाकरणांनी नञ् चे, म्हणजे या नकारार्थी अ/अन् चे, सहा अर्थ सांगितलेत, त्यात 'तदल्पता', म्हणजे ती गोष्ट कमी असणं, आहेच. 'अनुदरा' म्हणजे पोटच नसलेली नव्हे, बारीक कंबरेची! तसंच इम्मॉरल म्हणजे नीतीविरुद्ध, एमॉरल म्हणजे नीतीचा प्रश्नच नसलेला. या एमॉरलचं डोकं ग्रीक, धड लॅटिन.

प्रश्नकर्ता:
छान! मग 'अलाइव्ह', 'अस्लीप'?

प्रतिसाद १:
तो 'अ' जुन्या इंग्रजीतल्या 'ऑन'चा झिजलेला तुकडा. नकार लावलात तर जिवंत माणूस मेलेला ठरेल.